बंद काचेच्या आत पोचणारा हॉर्न: तुमच्या दुचाकीचे अनुभव सांगा

मंडळी,

मागच्या जुलैत नगर रोडवर, खराडी बायपासच्या थोडं अलीकडे मी पडलो. पाऊस भुरभुरत होता, माझा वेग तीसच्या आतच होता. उजवीकडची मोटार इंडिकेटर न देता डावीकडे सरकायला लागली. मी ब्रेक दाबला, हॉर्न दाबला आणि अंगठा उचललाच नाही. तिचा आरसा माझ्या हँडलला लागला नि मी डाव्या खांद्यावर आपटलो. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात झोळीत होता. ड्रायव्हर भला माणूस, त्यानेच मला उचलून रिक्षात बसवलं. पण उचलताना तो म्हणाला, "अहो, हॉर्न तरी द्यायचा!"

मी दिला होता. काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, टपावर पाऊस, आणि माझ्या १२५ सीसी गाडीचा तो बारीक आवाज. त्याला खरंच ऐकू गेला नव्हता.

आता हॉर्न बदलायचाय. कर्कश काही नको, आईला रस्त्यावरच्या हॉर्नचा त्रास होतो, तिचं तोंड कसं होतं ते मी बघतो. फक्त बंद काचेच्या आत पोचेल असा हवा. ज्यांनी बदलला त्यांनी कोणता घेतला, कुठे बसवला, वायरिंग कसं केलं आणि रस्त्यावर फरक पडला का, ते लिहा. काही बिघडलं असेल तर तेही नक्की लिहा.

पिंपरी, १५० सीसी, रोज चाकण एमआयडीसी

दादा, खांदा आता बरा आहे ना? आधी त्याची काळजी घ्या.

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या गाड्यांना येतो तो चकतीचा हॉर्न. आत विद्युतचुंबक पडद्याला ओढतो, ओढला की विजेचा जोड म्हणजे पॉइंट सुटतो, पडदा परत येतो, पुन्हा पॉइंट जुळतो, असं सेकंदाला काही शे वेळा. पुढची चकती त्याचा आवाज चिरका करते. मोकळ्या रस्त्यावर तो कानाला टोचतो, पण मोटारीची काच नेमका असाच चिरका आवाज जास्त अडवते. जाडाभरडा, खालच्या सुराचा आवाज काचेतून जास्त आत जातो. म्हणून मोटारींना असतात तसे शंखासारख्या वळणाचे, ज्यांना दुकानात 'विंडटोन' म्हणतात, ते घ्या. जोडीत एक साधारण ४०० हर्ट्झचा असतो आणि दुसरा ५०० च्या आसपासचा. दोन्ही एकदम वाजले की आवाज भरदार येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं मागे मोठी गाडी आहे.

आता मुद्द्याचं. ही जोडी दहा अँपियरच्या आसपास करंट ओढते. मूळ हॉर्नची वायर आणि हँडलवरचं बटण तेवढ्यासाठी बनवलेलंच नाही. मी पहिल्यांदा जुन्या वायरींवरच जोडी टाकली होती. मीटर लावून बघितलं तर बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि बटण दाबल्यावर हॉर्नच्या टोकांशी १०.४. म्हणजे हॉर्न महाग, आवाज आजारी. नंतर चार पिनांचा रिले टाकला, म्हणजे बटणाच्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १५ अँपियरचा फ्यूज, तिथून अडीच एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दोन्ही हॉर्नना, हॉर्नची दुसरी टोकं बॅटरीच्या निगेटिव्हला. मूळ हॉर्नच्या दोन थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाच्या क्लिपा, काढून ८५ आणि ८६ वर लावायच्या. काही गाड्यांत बटण पॉझिटिव्ह तोडतं, काहींत निगेटिव्ह, पण असं जोडलं की दोन्ही प्रकारांत चालतं आणि कंपनीच्या वायरिंगला एकही काप लागत नाही. त्यानंतर तेच मीटर १२.२ दाखवत होतं.

फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ हवा. वायर कुठे घासून फ्रेमला टेकली, म्हणजे अर्थ झाली, तर फ्यूजच्या अलीकडच्या भागाला कुणीच वाली नसतो.

ठाणे, २०० सीसी

वरच्या दादांनी लिहिलंय ते कृपया गांभीर्याने घ्या. माझ्याकडे एका दुकानात पोराने दहा मिनिटांत जोडी बसवून दिली, रिले नाही. आठवडाभर मस्त वाजली. एका रात्री पावसात घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर दोनदा लांब हॉर्न दिला आणि तो गप्प झाला. मला वाटलं पाणी गेलं असेल. तसाच पुढे निघालो. दोन मिनिटांनी मागून एक टेम्पो इतका जवळ आला की त्याच्या ब्रेकचा आवाज माझ्या पाठीत शिरला. बाजूला घेऊन तो ओरडला, "ब्रेकलाइट लागत नाही तुझा!"

माझ्या गाडीत हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट एकाच फ्यूजवर आहेत. पुष्कळ गाड्यांत तसंच असतं. हॉर्नने फ्यूज उडवला आणि मी अंधारात, पावसात, ब्रेकलाइट नसलेल्या अवस्थेत गाडी चालवत होतो. सुरक्षिततेसाठी बसवलेल्या वस्तूने माझा जीव टांगणीला लावला होता. त्या रात्री घरी जाऊन मी बायकोला काहीच सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी आधी रिले टाकून आणला.

हॉर्न बसवून घेतला की दुकानातच वीस सेकंद दाबून धरा, मग ब्रेकलाइट आणि इंडिकेटर लागतात का ते बघा. आणि मूळ फ्यूज उडतो म्हणून त्याजागी मोठा फ्यूज कुणी सुचवला तर तिथून निघा.

इस्लामपूर, १०० सीसी

आमच्याकडे कारखाने सुरू झाले की रस्ता ट्रॅक्टरचा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबतोय, मागे दिवा नाही आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर टेप मोठ्याने. आपण शेवटच्या ट्रॉलीच्या मागे, म्हणजे त्याच्यापासून कितीतरी लांब. त्याला आमचा हॉर्न ऐकू येणं अवघडच.

मी जोडी लावून बघितली. माझी बॅटरी लहान. गाडी सावकाश चालत असताना हॉर्न दिला की हेडलाइट मिणमिणायचा. मग जोडीतला जाड आवाजाचा एकच ठेवला, रिलेसकट. आता दिवा स्थिर असतो. छोट्या गाडीवाल्यांनो, जोडीचा हट्ट नको, एक जाड पुरे.

आणि खरं सांगू? ट्रॅक्टरला मी आता हॉर्नच्या भरवशावर ओलांडत नाही. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे थांबतो, डिपर देतो म्हणजे हेडलाइटची उघडझाप करतो, तो आरशात बघून हात करतो तेव्हाच निघतो. मागच्या हंगामात आमच्या गल्लीतला एक पोरगा ट्रॉलीखाली गेला. त्याच्या गाडीला मोठा हॉर्न होता.

दादर

बसवला होता, सहा महिन्यांनी काढला. घरी बाळ आलं. चाळीच्या बोळात माझ्याच गाडीच्या आवाजाने ते दचकून रडलं, तेव्हा मूळ हॉर्न परत लावला. माझं सगळं फिरणं शहरातलं, तासाला वीसचा वेग. २०१९-२० च्या सुमारास मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडले होते, आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून. हिंदमातालाही लावला होता. मला तेव्हा ते फार पटलं होतं, आजही पटतं. ज्यांचा रोजचा हायवे आहे त्यांची गरज वेगळी आहे, हे मान्य.

नाशिक, ११० सीसी स्कूटर

मी गंगापूर रोडवरून अंबडला जाते. अर्धा रस्ता शाळांचा, अर्धा ट्रकचा. मोठा हॉर्न बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सायकलवाल्या आजोबांच्या मागे नेहमीच्या सवयीने वाजवला. ते इतके दचकले की हँडल वळलं आणि ते रस्त्याच्या मधे आले. मी थांबले, त्यांना पाणी दिलं, माफी मागितली. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. मागून कुणी आले असते तर?

त्यानंतर इलेक्ट्रिशियनकाकांकडून मूळ हॉर्न मूळ बटणावर परत करून घेतला आणि जाड हॉर्नला रिलेसकट वेगळं बटण दिलं, डाव्या अंगठ्याला पोचेल असं. शहरात साधा, हायवेला जाड. दोन बटणांची सवय व्हायला पंधरा दिवस लागले, रिकाम्या मैदानात डोळे समोर ठेवून सराव केला. स्कूटरवाल्या मैत्रिणींनो, पुढच्या पत्र्याच्या आत एका शंखापुरती जागा निघते. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, माझी वायर पहिल्यांदा डावीकडे वळताना ताणली जात होती.

नियमाचंही लिहिते. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्णकर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ प्रमाणे चालत नाहीत. विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर सरकारने तसा जाहीर केलेला असला की ते शांतता क्षेत्र. माझ्या रस्त्यावर तीन शाळा आहेत, तिथे माझा अंगठा बटणापासून लांबच असतो.

रत्नागिरी, ३५० सीसी

कोकणातल्यांसाठी दोन गोष्टी. शंखाचं तोंड खाली आणि किंचित पुढे ठेवा, वर किंवा थेट समोर ठेवलंत तर पहिल्याच पावसात पाणी साठून आवाज घोगरा होतो. खारी हवा हॉर्न बसवायची पट्टी आणि थिंबल खाते, त्यांना ग्रीस लावा.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. दिवाळीनंतर माझा एक हॉर्न वाजेनासा झाला. वायर तपासली, रिले बदलला, काही नाही. शेवटी काढून बघितलं तर तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, आत तिची अळी. गाडी पंधरा दिवस पडवीत उभी होती, तेवढ्यात तिने संसार थाटला. आता गाडी उभी ठेवायची असली की तोंडाला नायलॉनच्या जाळीचा तुकडा रबराने बांधतो.

औरंगाबाद रोड, नगर, इलेक्ट्रिक स्कूटर

इलेक्ट्रिकवाल्यांनी जपून. आमच्या गाडीत हॉर्न, दिवे, डिस्प्ले सगळ्यांना १२ व्होल्ट एका लहान कन्व्हर्टरमधून मिळतात. मी जोडी लावली तर हॉर्न देताना डिस्प्ले बंद होऊन चालू व्हायचा. काढून टाकली.

म्हापसा

माझे काका पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवतात, तीस वर्षं. त्यांनी हॉर्न कधीच बदलला नाही. गावातल्या वाटांवर दोन्हीकडे दगडी गडगे, वळणापलीकडचं दिसत नाही. ते वळणाच्या आधी एकदा वाजवतात आणि कान देतात. समोरच्यानेही वाजवलेला असतो, तो आपलाच हॉर्न सतत चालू असला तर ऐकू येणार कसा, असं ते मला पहिल्या दिवशी म्हणाले होते.

पहिलं टिपण लिहिणारा, खराडी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याच्या दादांचं वाचून रात्री झोप लागली नाही.

रविवारी काम केलं. नाना पेठेतून एक जाड शंख, रिले, फ्यूज होल्डर आणि अडीच एमएमची वायर आणली. १२५ ला एकच पुरे असं ठरवलं. रिले सीटखाली, हॉर्न पुढे फ्रेमच्या डाव्या बाजूला, तोंड खाली आणि किंचित पुढे. फॉर्क पूर्ण दाबून मडगार्ड हॉर्नला लागत नाही ना, ते दोघांनी गाडीवर बसून तपासलं. वीस सेकंद दाबला, ब्रेकलाइट लागला.

मग भावाला त्याच्या मोटारीत बसवलं. काचा बंद, एसी चालू, गाणी नेहमीच्या आवाजात. रिकाम्या रस्त्यावर मी वेगवेगळ्या जागांवरून एकेकदाच वाजवला. त्याच्या मागे दोन गाड्यांच्या अंतरावरून त्याला स्पष्ट ऐकू गेला, जुना तिथूनही पुसट होता. पण त्याच्या मागच्या दाराशी, जिथून मी त्या दिवशी पडलो, तिथून नव्या हॉर्नचाही त्याला नुसता 'कुठेतरी वाजतंय' इतकाच बोध झाला. कुठल्या बाजूला, ते नाही. माझ्या हॉर्नचं तोंड पुढे आहे आणि त्याचा कान माझ्या बाजूला. आरशातही मी त्याला दिसत नव्हतो.

दोनदा, तीनदा करून बघितलं, तेच. त्या दिवशी हा हॉर्न असता तरी मी वाचलो असतो का, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. मागच्या दाराशी रेंगाळायचं मात्र बंद केलंय, एक तर मागे राहतो नाही तर पुढे निघून जातो. पाऊस पडला की भावाला पुन्हा गाडीत बसवून हीच चाचणी करणार आहे. इस्लामपूरच्या दादा, तुम्ही डिपर दिवसाउजेडीही देता का? बाजूच्या आरशात तो किती लांबून दिसतो?