आईच्या वर्षश्राद्धाचे ४०,००० रुपये हत्तीरोगासाठी द्यायचेत. कुठं द्यावेत?

विडीवालीची_लेक

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. आई विड्या वळायची, दिवसाला हजार. उजव्या पायाला हत्तीपाय, मी चौथीत असल्यापासून. सूप मांडीवर घ्यायची आणि तो पाय पाटावर पसरून ठेवायची. घरात कुणी आलं की आधी पायावर लुगडं ओढायची, मग "या" म्हणायची. चपला चांभाराकडून करून घ्यायची, दोन पायांच्या दोन मापाच्या. वर्षातून तीन-चार वेळा थंडी वाजून ताप भरायचा, जांघेत गाठ यायची. त्याला ती "पाय आला" म्हणायची, पाहुणा आल्यासारखं. एका खाजगी दवाखान्यात आम्ही अकरा वर्षं इंजेक्शनं घेतली. पाय रोज धुवा, एवढं त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

मागच्या श्रावणात आई गेली. आता वर्षश्राद्ध येतंय. दोनशे पानं उठवण्यापेक्षा त्या पैशातून काहीतरी करावं असं मला वाटतं. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, बाहेरच्या मोठ्या संस्थेला दे. एका माणसाच्या वर्षाच्या गोळ्यांचा खर्च चहा-भज्यांपेक्षा कमी. हजारभर लोकांना पुरतील. इथं दिलेस तर दहा जणांत संपतील." त्याचा हिशोब मला खोडता येत नाही, पण गळीही उतरत नाही. जाणकारांनी सांगावं.

कडक_भाकरी

भाऊ चुकीचं बोलत नाहीये. आमच्या आजीच्या पिंढरीवर नारूचा वण होता. नारू म्हणजे पाण्यातून होणारा जंताचा रोग. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, त्यातून तो पोटात जायचा आणि वर्षभरानं हातभर दोरा कातडी फोडून बाहेर. तो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळत बसायचं. तुटला की पाय सुजलाच. याला ना लस, ना औषध. पाणी फडक्यातून गाळायचं आणि नारूवाल्याला विहिरीत उतरू द्यायचं नाही, एवढ्यावर तो आपल्याकडून गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, राजस्थानातला. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आफ्रिकेत कार्टर सेंटर ही अमेरिकेतली संस्था १९८६ पासून याच्या मागे लागलीय. तेव्हा जगात वर्षाला ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये १५. पंधरा लाख नव्हे, पंधरा माणसं. गाळायचं कापडसुद्धा कंपन्यांनी फुकट दिलं. त्यामुळे लांबच्या संस्थेला दिलेला पैसा वाया जातो असं कुणी म्हणू नये.

स्लाइडवाले_काका (आरोग्य सेवक, निवृत्त)

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकात मिसळलीत. ती आधी सुटी करू.

गोळ्या आहेत त्या पाय न सुजलेल्यांसाठी. हत्तीरोग एका जंतानं होतो आणि तो क्युलेक्स डास पसरवतो. हा डास गटारीच्या पाण्यात वाढतो, रात्री चावतो, आणि या जंताची पिल्लंही रक्तात रात्रीच वर येतात. म्हणून आम्ही रक्ताचे नमुने घ्यायला रात्री आठनंतर निघायचो. खिशात बॅटरी, पेटीत काचपट्ट्या, मागे कुत्री. माग बंद करून माणूस जेवायला बसलेला असायचा आणि आम्ही म्हणायचो, बोट द्या. डीईसीची गोळी ही पिल्लं मारते. मोठा जंत लसिकावाहिनीत पाच-सहा वर्षं जगतो, त्याच्यावर तिचं फारसं चालत नाही. म्हणून वर्षातून एकदा, सलग काही वर्षं, सगळ्या गावाला गोळ्या. आपला जिल्हा हत्तीरोगाच्या यादीतला, त्यामुळे २००४ पासून आम्ही हेच केलं. मोठ्या माणसाला डीईसीच्या तीन आणि अल्बेंडाझोल या जंताच्या गोळीची एक. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस सोडून सगळ्यांना.

आता पैशाचं. अल्बेंडाझोल कंपनी १९९८ पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत फुकट देते. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं आणखी एक औषध तर दुसऱ्या कंपनीनं १९८७ सालीच "लागेल तेवढं, लागेल तोवर" म्हणून फुकट करून टाकलं. सांगायचा मुद्दा, गोळी महाग नाहीच. महाग आहे ती गोळी तोंडात जाणं.

आमच्या हातात गोळ्या, दारात बाई, पुढ्यात विड्यांचं सूप. "ठेवा तिथं कोनाड्यात, हजार झाल्या की खाते." संध्याकाळी गेलो की गोळ्या कोनाड्यातच. एक म्हातारे ओरडायचे, "काय करुलालाव ओ, धडधाकट माणसाला गोळ्या चारुलालाव?" त्यांचं चूक नव्हतं. ज्याच्या रक्तात पिल्लं असतात त्यालाच गोळीनंतर ताप येतो, डोकं दुखतं, कारण पिल्लं मरतात. लोकांना वाटतं गोळीनं आजारी पाडलं. मग समोर उभं राहून, "जेवलात का? मग घ्या पाणी" म्हणत गिळवायची. मला तरी वाटतं, बाहेरच्या चांगल्या संस्थांचा पैसा या उभं राहण्यावर लागतो, गोळीवर नाही.

पण तुमच्या आईसारखा सुजलेला पाय गोळीनं उतरत नाही. ते दुसरं काम, आणि त्याला देणगीदार फार कमी. आईला जो ताप यायचा तो जंताचा नव्हता. बोटांच्या बेचक्यात चिरा पडतात, त्यातून जंतू शिरतात. रोज साध्या साबणानं पाय धुवायचा, बेचक्या कोरड्या करायच्या, चिरेला मलम, बसताना पाय वर, झोपताना खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा. एवढ्यानं ताप येणं खूप कमी होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अकरा वर्षांच्या इंजेक्शनांचं वाचून वाईट वाटलं.

विडीवालीची_लेक

काका, दोन विटा. एवढंच होतं होय. घराच्या मागं विटांचा ढीग आहे.

बरं, मग पाय धुवायचं सामान दिलं तर? टब, मग, साबण, मलम आणि टॉवेल. मिस्टरांचा टॉवेलचाच कारखाना आहे, अक्कलकोट रोडला. जाड टर्किश टॉवेल घरचेच निघतील.

जमाखर्च

मधे बोलतो. परदेशातल्या संस्थेला थेट पाठवलेत तर देणगीवर आयकरात सूट नाही. इथल्या नोंदणीकृत संस्थेला दिलेत तर आहे, पण २,००० च्या वर रोख देऊ नका, आणि तुम्ही नव्या कररचनेत असाल तर सूट विसराच. सामान दिलेल्यालाही सूट नसते. पावतीसाठी देत नसाल तर प्रश्नच नाही.

सासूबाईंचा_पाय

टॉवेलवर माझं ऐका ताई. सासूबाईंचा पाय मी सहा वर्षं धुतेय. तुमचा जाड टॉवेल अंग पुसायला झकास, पण सुजलेल्या बोटांच्या बेचक्यात शिरत नाही. वरून पाय कोरडा दिसतो आणि आत ओलच राहते. तिथंच कुजतं. आम्ही जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्यात. पट्टी बेचकीतून अलगद ओढायची, घासायची नाही. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या सामानातही टॉवेल होता, तो आता बाळाला वापरतो.

आणि साबण एकदाच देऊ नका. तो महिन्यात संपतो, मलम त्याच्या आधी. दहा जणांना दोन वर्षं पुरेल असं बघा.

स्लाइडवाले_काका

ताईंचं शंभर टक्के बरोबर. चपलाही बघा, रुंद पट्ट्याच्या आणि मऊ तळाच्या. माप घरी जाऊनच घ्यावं लागेल, कुणी दुकानात यायचं नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन रुग्णांची यादी कुणाकडे आहे ते विचारा. नावं तुमच्या हातात देणार नाहीत, देऊही नयेत, पण आशाताई सोबत नेतील. पुरुषांना अंडवृद्धी असेल तर त्यावर शस्त्रक्रिया आहे, सरकारी रुग्णालयात फुकट होते. लाजेनं सांगत नाहीत, तेवढं मात्र कानावर घाला.

विडीवालीची_लेक

मिस्टरांना विचारलं. म्हणाले, मागावर पातळ सुताचा पंचा काढता येईल, हातभर रुंदीचा, मऊ. पहिला नमुना रविवारी. सासूबाईंच्या ताई, तुमच्याकडे पाठवते, बेचकीत जातो का सांगा. आईच्या चांभाराचा मुलगा अजून त्याच गल्लीत बसतो, दोन मापाच्या चपलांचं त्याला सांगावं लागणार नाही.

भावाला म्हटलं, तू तुझ्या हिशोबानं तिकडं गोळ्या गिळवायला दे. तो पाच हजार देतोय.