विषय: घर विकलं नाही, निम्मी दलाली मात्र गेली

प्रेषक: आर्वीवाला, एडिसन

मंडळी, नमस्कार.

परदेशातल्या आपल्या वैदर्भी मंडळींच्या या मेल-यादीवर, ढोलताशाच्या सरावाच्या मेलांत मध्येच घुसतोय, पण डोकं तापलंय. आर्वी तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. गावठाणात, कवेलूचं (कौलारू), मागे विहीर. आईबाबा गेल्यापासून कुलूप. २०२४ च्या दिवाळीत गावातल्याच एका शिक्षकांशी सौदा झाला, १८ लाखांचा. इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, २ लाख. दलालही गावातलेच, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. दलाली दोन टक्के, म्हणजे ३६ हजार. त्यातले १८ हजार त्यांनी इसाराच्या दिवशीच रोख घेतले.

अक्षय तृतीयेपर्यंत विक्री लावायची ठरलं होतं. २०२५ चा मृग लागला तरी रजिस्ट्री नाही. आणि परवा भाऊंचा फोन: "बाकीचे अठरा कवा देता? गिऱ्हाईक आनून देल्लं, इसार झाला, माह्यं काम झालं."

घर अजून आमचंच, आणि दलाली कसली? मी तर म्हणतो पहिले १८ हजारच परत मागावेत. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, तक्रार करता येते का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

प्रेषक: लेस्टरकर (मूळ पुसद)

दादा, अनुभव आहे, पण इथला. २०१९ मध्ये आम्ही इंग्लंडातलं, लेस्टरचं घर विकायला काढलं. आमचं घर घेणाऱ्याला आधी स्वतःचं विकायचं होतं, त्याचं घेणाऱ्याला त्याचं, अशी चार घरांची माळ. शेवटचा मणी निसटला आणि सगळे होते तिथेच. तरी एजंटचं बिल आलंच. तणतणत करार काढला तर खाली सही माझीच! त्यात कलम होतं: 'रेडी, विलिंग अँड एबल पर्चेसर' आणून दिला की फी लागू, मग विक्री पूर्ण होवो न होवो.

इथे घर-एजंटांसाठी १९७९ चा कायदा आहे, आणि असे शब्द करारात घातले तर त्यांचा अर्थही लेखी द्यावा लागतो, हा १९९१ चा नियम. तो अर्थ वाचला तेव्हा जीव भांड्यात पडला. गिऱ्हाईक बिनशर्त करारावर सही करायला तयार तर हवंच, समर्थही हवं. ज्याचं स्वतःचं घर विकलं गेलं नाही तो कसला समर्थ? तेवढंच पत्रात लिहिलं आणि घर-एजंटांच्या तक्रारी ऐकणाऱ्या इथल्या लोकपालाकडे जाईन म्हटलं. बिल मागे घेतलं त्यांनी.

म्हणून विचारतो, तुमच्या गुरुजींकडे उरलेले १६ लाख होते का? नसतील, तर भाऊंनी गिऱ्हाईक आणलं म्हणजे नेमकं काय आणलं?

---

प्रेषक: दर्यापूरची काकू, मिसिसागा

अरे बापा, सगळे त्या दलालाच्या मागे काहून लागलात?

माझे मोठे दीर दर्यापुरात जन्मभर दलाली करायचे. घर दाखवायच्या आदल्या दिवशी पदरचे पैसे देऊन बाई लावत, सपरी सारवून घेत. पंचायतीत नमुना ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा, उतारा काढायला तीन चकरा, कारण ग्रामसेवक यायचा आठवड्यातून एकदा आणि त्या दिवशी शिक्का सापडायचा नाही. आमचा खारपाणपट्टा. तिथं गिऱ्हाईक आधी विहिरीचं पाणी चाखतं, मग भिंतीकडे पाहतं. तर हे भल्या सकाळी जाऊन विहीर उपसून ठेवत, वर तुळशीची दोन पानं कळशीत टाकत. (ही लबाडी म्हणा हवं तर.) आणि एवढं करून दहातले निम्मे सौदे मोडायचे. मोडलेल्या सौद्याचा चहासुद्धा कुणी पाजला नाही त्यांना.

म्हणून ते निम्मी दलाली इसारावर घेत. सगळेच घेतात.

आता तू सांग. रजिस्ट्री अडली ती कुणामुळं? खरं सांग हं. तुझ्या मेलमध्ये ते एकच वाक्य नाही.

---

प्रेषक: आर्वीवाला, एडिसन

काकू, पकडलंत.

अडलं ते तीन ठिकाणी. नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव. वारस आम्ही दोघं, मी आणि पुण्याची बहीण. चुलतभावानं पंचायतीत अर्ज दिला त्यात तिचं नाव घालायचंच राहिलं. मुद्दाम नाही, राहिलं. तिला ते गावातून कळलं, माझ्याकडून नाही. तेव्हापासून ती सहीचं नाव काढलं की "पाहू" म्हणते.

दुसरं मुखत्यारपत्र. माझ्या वतीनं चुलतभावानं सही करावी म्हणून. मी नोटरी केलं, अपोस्टिल (परदेशातला कागद भारतात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला) लावलं, कुरिअरनं त्याच्याकडे पाठवलं. त्यानं ते जपून ठेवलं. इतकं जपून, की कपाटात वर्तमानपत्राच्या कागदाखाली, आईच्या जुन्या रेशनकार्डासोबत. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पुन्हा नवीन करावं लागलं.

तिसरं मात्र आमचं नाही. गुरुजींना १० लाखांचं कर्ज हवं होतं. बँकेला नमुना ८ चालत नाही, मालमत्ता पत्रक पाहिजे. गावठाणातली घरं मोजून मालकीचा कागद देणाऱ्या स्वामित्व योजनेचा ड्रोन गावावरून फिरून गेला, पण तो कागद, म्हणजे सनद, हातात आलेली नाही. त्यात कुणीतरी त्यांच्या कानात भरलं की विकणारा परदेशात असेल तर कर तुम्हाला कापून भरावा लागतो, त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, घ्यावा लागतो. गुरुजी घाबरले. "माझ्या नावानं नोटीस येईल का?" एवढंच विचारतात दर वेळी.

इसारचिठ्ठीच्या मागे भाऊंच्या अक्षरात लिहिलंय: "दलाली २ टक्के, निम्मी इसारावर, निम्मी विक्रीवर." खाली माझ्या वतीनं चुलतभावाची सही.

---

प्रेषक: निवृत्त वकील (यवतमाळ), ह्यूस्टन

हे पहिल्याच मेलमध्ये लिहिलं असतंत तर लेस्टरपर्यंत जावं लागलं नसतं.

महारेरा विसरा. २०१६ च्या कायद्यातली एजंटची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट-फ्लॅट विकणाऱ्यांसाठी आहे. गावठाणातलं जुनं कवेलूचं घर त्यात बसत नाही.

लागू होतो तो १८७२ चा करार कायदा. कलम २१९ म्हणतं की वेगळा करार नसेल तर एजंटचा मेहनताना काम पूर्ण झाल्याशिवाय देय होत नाही. भाऊंचं म्हणणं, गिऱ्हाईक आणणं हेच काम. तुमचं म्हणणं, विक्री लागणं हे काम. आमच्या वेळी दिवाणी कोर्टात या एका शब्दावर वर्षंच्या वर्षं गेलेली पाहिली आहेत. पण तुमच्याकडे वेगळा करार आहे! चिठ्ठीच्या पाठीवर असला म्हणून काय झालं. निम्मी इसारावर ठरली, इसार झाला, ते १८ हजार त्यांचे. परत मागू नका, हसं होईल. निम्मी विक्रीवर ठरली, विक्री झाली नाही, तोवर ती मागायचा त्यांना हक्क नाही. मात्र तुम्हीच मुद्दाम विक्री मोडून मागच्या दारानं त्याच गुरुजींना घर दिलंत, तर मी भाऊंच्या बाजूनं उभा राहीन. असे महाभाग विदर्भात पुष्कळ पाहिले. दलालाला टाळायला सौदा मोडल्याचं नाटक करायचं आणि सहा महिन्यांनी साळ्याच्या नावानं खरेदी लावायची.

खरी भीती दलालीची नाहीच. गुरुजींनी उद्या कर्ज उभं केलं आणि तुमची बहीण नाही म्हणाली, तर २ लाख परत करून तुम्ही मोकळे होत नाही. ते विक्री करून द्या म्हणून दावा लावू शकतात, आणि बहिणीच्या हिश्श्याचा इसार तुम्ही कोणत्या अधिकारानं घेतलात हा प्रश्न वेगळाच.

बहिणीकडून हक्कसोड मागू नका. तिला विक्रेती म्हणून सोबत घ्या, तिचे ९ लाख तिच्या खात्यात. ती भारतात राहते आणि सौदा ५० लाखांच्या आत आहे, तिच्या वाट्यावर गुरुजींना काही कापायचं नाही. तुमच्या ९ लाखांवर साडेबारा टक्के आणि उपकर धरून १३ टक्के, म्हणजे १ लाख १७ हजार. हे पूर्ण रकमेवर. तुमचा नफा त्याहून कमी असणार, तेव्हा कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मागून घ्या. टॅनचा अर्ज गुरुजींना कुणीतरी शेजारी बसून भरून द्या. त्यांच्या नोटिशीच्या भीतीवर एवढंच औषध.

---

प्रेषक: यादी सांभाळणारे

विषय रंगतोय, रंगू द्या. फक्त तुळशीची पानं टाकून पाणी गोड होतं का, यावर आलेले अकरा मेल मी वेगळे केले आहेत.

---

प्रेषक: आर्वीवाला, एडिसन

काल रात्री बहिणीला फोन केला. आधी अर्धा तास ती काहीच बोलली नाही, मीच बोललो. मग तिनं विचारलं, "माझ्या नावाचा अर्ज कधी देतोस?" चुलतभाऊ सोमवारी पंचायतीत जातोय. तिला पैशांपेक्षा न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ हवं आहे. ते गुरुजींच्या सौद्यात धरलेलं नाही, असं मी तरी धरून चाललोय. धरलं असेल तर गुरुजींशी बोलेन.

मग भाऊंना लावला. वकीलसाहेबांनी सांगितलं तसं कलम सांगायला गेलो, तर म्हणाले, "मले कलम काय सांगता? चिठ्ठी म्याच लिवली." थोडं थांबून: "त्या दिवशी पोट्टीच्या कॉलेजची फी होती, म्हणून मांगले. विक्रीवर द्या. तवरिक मांगत नाई."

मी म्हटलं, भाऊ, पाच हजार आत्ता पाठवतो, विक्रीच्या हिशेबात धरा. काकू, हे तुमच्या दिरांच्या चहासाठी समजा. वकीलसाहेब, लेखी घेतलंय, व्हॉट्सॲपवर.

भाऊ हो म्हणाले. टॅनचा अर्ज भरायला रविवारी गुरुजींना घेऊन तालुक्याला जातो म्हणाले, तिथं त्यांचा भाचा सेतू केंद्रात बसतो. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पानी सुरू झालं, मागच्या पडवीचे कवेलू सरकले. दोन मजूर लावतो. त्याचे पैशे दलालीत नाई बरं, वेगळे."