स्टड तुटू नये म्हणून

भाऊ, तुमच्या गाडीत सकाळी टकटक आणि इंजिन तापलं की आवाज बंद, म्हणजे बहुधा एग्झॉस्ट मॅनिफोल्डच (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) गळतोय; तो काढायचा तर त्याचे नट खोलावे लागतील. पण इथे एकाने दिलेला ‘गरम असतानाच नट खोला’ हा सल्ला मला पटत नाही. हात भाजेल तो भाजेल, इंजिनाच्या ॲल्युमिनियम हेडमधले आटेही स्टडबरोबर (हेडमध्ये बसवलेला, नट लागतो तो आट्यांचा दांडा) निघून येऊ शकतात.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर सोडवा. नटांवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर राहू द्या. सहाकोनी गोटीच (सॉकेट) वापरा, बाराकोनी नट गोल करते. नट अडला की जोर लावू नका; पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत तेल. ‘चर्र’ आवाज ठीक, पण नट अचानक मऊ फिरला तर थांबा, स्टड पिळतोय.

मॅनिफोल्ड निघाला की हेडचा पृष्ठभाग साफ करून मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवा. खालून 0.15 मिमीची फीलर पत्ती (फट मोजायची पातळ पट्टी) सहज गेली तर आधी फेसिंग (मॅनिफोल्डची बाजू सपाट करून घेणं), नाहीतर हेड आणि मॅनिफोल्डमधलं नवं गॅस्केटही जळेल. सिलिकॉन सीलंट अजिबात नको. नट नवे घ्या, इंदूरच्या सियागंज बाजारात चिल्लर भावात मिळतील. मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत कसा. 8 मिमी स्टडला साधारण 20-25 न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमधला. दोन-तीनदा इंजिन तापून थंड झालं की टॉर्क (नट कसण्याचा हा जोर) पुन्हा तपासा.