बोरसुरीच्या डाळीला नाव मिळालं, पैसा कुणाला मिळणार?

धागाकर्ता, निलंगा:
2024 मध्ये आमच्या तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव फक्त इथल्याच मालाला लावायचं असा कायद्याचा शिक्का. पण जानेवारीत पोती मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, नेली की आडत्याच्या ढिगात ती कुठलीही तूर होऊन जाते. माझं स्पष्ट मत आहे की आपण तूर विकणं थांबवून डाळ विकली पाहिजे. क्विंटलामागे साधारण 70 किलो डाळ पडते. किलोला 150 धरले तर 10,500 रुपये. 2025-26 चा हमीभाव 8,000. शिवाय चुणी जनावरांना, तुराट्या चुलीला.

औसेकर:
दादा, हिशेब अर्धाच मांडलात. भरडाई, पिशव्या, गाडीभाडं कुठंय? मी दीड क्विंटल डाळ केली होती. पन्नास किलो पाहुण्यारावळ्यांत खपली, बाकीची विकता विकता पाऊस आला अन् कीड लागली. तूर सहा महिने रान अडवते, मर रोग लागला तर फुलोऱ्यात उभी वाळते. सोयाबीन शंभर-एकशे दहा दिवसांत घरात येतं, त्याच रानात हरभरा पेरता येतो. दिवाळीला हातात पैसा लागतो की नाही?

धागाकर्ता:
सलग तूर घ्या असं मी म्हणतच नाही. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सोयाबीन निघालं की तूर पसरते, आणि तिच्या पानगळीनं जमीन सुधारते ते वेगळंच.

डाळ गिरणीत काम करणारा, लातूर:
भाव तुमच्या शिवारात ठरत नाही हो. 2016-17 ला तूर उदंड झाली, हमीभाव 5,050 असताना लोकांनी चार हजारांच्या आसपास घातली. मे 2021 मध्ये सरकारनं आयात मोकळी केली. म्यानमार, मोझांबिकचा माल आला की इथला भाव बसतो. मानांकनाचा शिक्का त्याला काय करणार?

धागाकर्ता:
मोझांबिकची तूर बोरसुरीची म्हणून कायद्यानं विकता येत नाही, तो शिक्का एवढं तरी नक्की करतो! पण नाव वापरायला शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आयातीवर भांडायचंच, पण आधी हे अर्ज भरू. कागदपत्रं गोळा करायला मी गावोगाव यायला तयार आहे.

बचत गटातली एक:
तुमच्या कुणाच्याच हिशेबात आम्ही नाही. तुरीला पाणी लावायचं, रात्रभर झाकून ठेवायची, उन्हात कडक वाळवायची, जात्यावर भरडायची, मग पाखडायची. संध्याकाळी हात वर उचलत नाहीत. औसेकर भाऊ, तुमच्या दीड क्विंटलात घरच्या बायकांची मजुरी धरली होती का? ती धरली असती तर तोटा आणखी मोठा दिसला असता. तरी मी धागाकर्त्या दादांच्या बाजूची आहे, कारण ही आमटी उकळायला लागली की वास अंगणापर्यंत येतो आणि त्या चवीला गिऱ्हाईक आहे. फक्त किलोचा भाव ठरवताना भरडणीची मजुरी पहिल्या ओळीत लिहा. तेवढं झालं तर यंदाची दोन पोती मी मोंढ्याला पाठवत नाही.