'बहुवाद्यवादक', 'पर्यायी रॉक' आणि 'कारकीर्द' : जॉनी ग्रीनवुड यांच्या निमित्ताने

प्रश्न :

रेडिओहेड या इंग्लिश बँडमधील जॉनी ग्रीनवुड यांच्यावर मी एक परिचयलेख लिहीत असून त्यात तीन ठिकाणी शब्द अडला आहे. अनेक वाद्ये सारख्याच सफाईने हाताळणाऱ्या या कलावंतास 'बहुवाद्यवादक' म्हणावे, 'हरहुन्नरी वादक' म्हणावे की 'अष्टपैलू'? त्यांचा बँड ज्या संगीतप्रकारात मोडतो त्यासाठी 'पर्यायी रॉक' हा शब्द चालेल का? आणि बँडमधील वादन, चित्रपटांचे संगीत व वाद्यवृंदासाठी केलेल्या रचना या सर्वांना मिळून 'वैविध्यपूर्ण कारकीर्द' म्हणणे पुरेसे आहे का?

पहिले उत्तर :

'हरहुन्नरी' हा फार्सीतून आलेला आणि मराठीत पूर्णपणे मुरलेला सुंदर शब्द आहे, पण तो माणसाच्या एकूण स्वभावाचे आणि कौशल्याचे वर्णन करतो. जो लिहितो, नाटकात काम करतो, नेपथ्यही उभे करतो, तो हरहुन्नरी. त्यात वाद्यांचा निर्देश नाही, त्यामुळे हा शब्द लेखात एखाद्या ठिकाणी विशेषण म्हणून शोभेल, परंतु नेमकी ओळख म्हणून अपुरा पडेल. 'अष्टपैलू' आता इतका क्रिकेटचा झाला आहे की वाचकाच्या मनात आधी फलंदाजी आणि गोलंदाजी उभी राहते.

'बहुवाद्यवादक' हा शब्द 'बहुभाषक', 'बहुश्रुत' यांच्या पंक्तीत बसणारा असून अर्थाने अचूक आहे. तो उच्चारायला थोडा जड आहे हे खरे, म्हणून कोणी 'बहुवादक' असा संक्षेप सुचवील, पण 'बहुवाद' ही संज्ञा तत्त्वज्ञानाने आधीच घेतलेली असल्यामुळे तो टाळावा. माझे मत असे आहे की शीर्षकात किंवा पहिल्या वाक्यात 'बहुवाद्यवादक' एकदा वापरावा आणि पुढे सरळ 'अनेक वाद्ये वाजवणारे' असे लिहावे.

शब्द कोणताही निवडला तरी ती वाद्ये कोणती हे लेखात आले पाहिजे, नाहीतर तो शब्द नुसते बिरुद होऊन बसतो. ग्रीनवुड यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1971 रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. शाळेच्या वयात ते रेकॉर्डर ही उभी बासरी आणि व्हायोला वाजवत असत. ॲबिंग्डन येथील शाळेत 1985 मध्ये जमलेल्या 'ऑन अ फ्रायडे' या बँडमध्ये त्यांचे थोरले बंधू कॉलिन बास गिटार वाजवत होते. जॉनी सर्वांत शेवटी आले, तेही आधी हार्मोनिका आणि मग कीबोर्ड घेऊन. ज्या गिटारमुळे जग त्यांना ओळखते ती त्यांच्या हाती त्यानंतर आली. 1991 मध्ये ईएमआय या कंपनीशी करार झाला आणि बँडचे नाव रेडिओहेड झाले.

आपल्याकडे भरतमुनींपासून वाद्यांचे तत (तारांची), सुषिर (फुंकून वाजवायची), अवनद्ध (चामड्याने मढवलेली) आणि घन (आघाताने वाजणारी धातूची वगैरे) असे चार वर्ग मानले जातात. ग्रीनवुड यांची गिटार, व्हायोला व हार्प ही ततवाद्ये आहेत, रेकॉर्डर आणि हार्मोनिका ही सुषिर, 'नो सर्प्रायझेस' या गाण्यातील ग्लॉकेनस्पील हे धातूच्या पट्ट्यांचे घनवाद्य, आणि 'देअर देअर' हे गाणे सादर करताना ते गिटार बाजूला ठेवून ढोल, म्हणजे अवनद्ध वाद्य, वाजवतात. म्हणजे 'बहुवाद्य' हा शब्द येथे चारही वर्गांच्या अर्थाने सार्थ आहे.

या चौकटीबाहेरचे एक वाद्य मात्र राहते, आणि लेखात त्याला जागा द्यावी असा माझा आग्रह आहे. मोरिस मार्तनो यांनी 1928 मध्ये फ्रान्समध्ये लोकांसमोर आणलेले 'ओंद मार्तनो' हे विजेवर चालणारे वाद्य आहे. त्याला पियानोसारख्या पट्ट्या असतात, पण त्याशिवाय बोटात अंगठीसारखी कडी घालून ती तारेवर सरकवत नेता येते, आणि डाव्या हाताने आवाजाचा जोर कमी-अधिक करता येतो. कडी सरकवताना निघणारा एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड वाहणारा नाद वर्णन करण्यासाठी आपल्याकडे 'मींड' हा शब्द तयार आहे, आणि तो मी निःशंकपणे वापरीन. ग्रीनवुड यांनी हे वाद्य प्रथम फ्रेंच संगीतरचनाकार ओलिव्हिए मेसियां यांच्या 'तुरांगालीला' सिंफनीत ऐकले. ते ऐकणे त्यांच्यात इतके खोल रुजले की 2000 सालच्या 'किड ए' या अल्बममध्ये त्यांनी हे वाद्य रॉकमध्ये आणून बसवले.

दुसरे उत्तर :

'बहुवाद्यवादक' मला मान्य आहे, परंतु 'पर्यायी रॉक' याबद्दल माझा आक्षेप आहे. मराठीत 'पर्यायी' म्हटले की 'पर्यायी रस्ता', 'पर्यायी व्यवस्था' असे प्रयोग आठवतात, म्हणजे मूळ गोष्ट उपलब्ध नाही म्हणून तिच्या जागी आणलेली दुसरी. रॉक मिळाले नाही म्हणून घेतलेले काहीतरी, असा चुकीचा भाव त्यातून येतो. 'समांतर सिनेमा' हा शब्द आपल्याकडे रूढ आहे आणि त्यात रुळलेल्या वाटेला छेद न देता तिच्या शेजारून स्वतःची वाट काढण्याचा अर्थ आहे. म्हणून 'समांतर रॉक' म्हणावे.

पहिल्या उत्तराच्या लेखकाकडून :

'पर्यायी' या शब्दावरचा आक्षेप योग्य आहे, पण 'समांतर' स्वीकारताना एक अडचण येते. समांतर सिनेमा म्हटले की कमी खर्च, मोजके प्रेक्षक आणि बाजारापासूनचे अंतर हे सारे गृहीत धरले जाते. अमेरिकेत 1980 च्या दशकात महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांवरून जे संगीत वाजू लागले आणि ज्याला हे नाव मिळाले, त्या काळापुरता हा अर्थ जुळतो. रेडिओहेडला तो लागू पडत नाही. हा बँड पहिल्या अल्बमपासून एका बलाढ्य कंपनीबरोबर होता, 'ओके कॉम्प्युटर' 1997 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि 'किड ए' अमेरिकेतही अव्वल ठरला. अशा बँडला समांतर म्हटले तर वाचकाला तो लहानशा दालनात वाजवणारा वाटेल. या ठिकाणी 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' हे नाव देवनागरीत तसेच ठेवावे आणि एका वाक्यात त्याचा उगम सांगावा. 'रॉक' आणि 'जॅझ' हे शब्द आपण भाषांतर न करता घेतले, आणि त्याने मराठीचे काही बिघडले नाही.

'बँड' या शब्दाबद्दलही एक सूचना आहे. त्याऐवजी 'वाद्यवृंद' लिहू नये, कारण ग्रीनवुड खऱ्याखुऱ्या वाद्यवृंदांसाठीही लिहितात आणि मग दोन्हींची गल्लत होईल. 2015 च्या 'जुनून' या अल्बमच्या वेळी तर 'बँड' या शब्दाचे मराठी माणसाला परिचित असलेले दोन्ही अर्थ एकत्र आले. जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात झालेल्या त्या ध्वनिमुद्रणात कव्वाल आणि मांगणियार या राजस्थानी लोकगायक समाजाचे कलावंत यांच्या बरोबरीने आपल्या वरातीत असतात तसे पितळी वाद्यांचे वादकही होते. रचना इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर यांच्या होत्या आणि ग्रीनवुड गिटार, बास, कीबोर्ड व ओंद मार्तनो घेऊन त्यांच्यामागे उभे होते. येथे त्यांच्यासाठी 'संगतकार' हाच शब्द योग्य आहे, कारण मुख्य कलावंताला पुढे ठेवून आपण मागे राहण्याचा जो मनाचा मोठेपणा 'संगत' या शब्दात आहे, तो दुसऱ्या कोणत्याही शब्दात येत नाही.

आता 'वैविध्यपूर्ण कारकीर्द'. 'कारकीर्द' हा शब्द पूर्वी राज्यकर्त्याच्या अमदानीसाठी वापरला जात असे आणि आज तो कलावंतालाही सहज लागतो, त्यात काही वावगे नाही. 'वैविध्यपूर्ण' मात्र मला खटकतो, कारण त्यातून सुटी सुटी कामे एकापुढे एक ठेवल्याचा भास होतो. मी 'विविधांगी' म्हणेन, कारण अंगे अनेक असली तरी देह एक असतो, आणि ग्रीनवुड यांच्या बाबतीत ही वस्तुस्थिती आहे. 2004 मध्ये बीबीसीने त्यांना निवासी संगीतरचनाकार म्हणून नेमले आणि त्या काळात त्यांनी तंतुवाद्यवृंदासाठी 'पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर' ही रचना लिहिली. तिचेच काही भाग दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन यांच्या 2007 च्या 'देअर विल बी ब्लड' या चित्रपटात आले, आणि आधीपासून अस्तित्वात असलेले संगीत वापरले म्हणून ते पार्श्वसंगीत ऑस्कर पुरस्कारासाठी अपात्र ठरले. मैफल आणि चित्रपट यांतली सीमा त्यांच्या कामात किती पातळ आहे, हे याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण मला माहीत नाही. पुढे 'फँटम थ्रेड' आणि 'द पॉवर ऑफ द डॉग' या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

मूळ प्रश्नकर्त्याकडून :

'विविधांगी' आणि 'संगतकार' मी घेत आहे. चित्रपटांच्या संदर्भात त्यांना 'संगीतकार' म्हणावे की 'संगीत दिग्दर्शक', एवढे सांगावे.

दुसऱ्या उत्तराच्या लेखकाकडून :

आपल्याकडे या दोन्ही शब्दांनी आधी गाण्यांच्या चाली आठवतात, आणि ग्रीनवुड यांच्या चित्रपटांतील कामाचा गाभा चाली नसून पार्श्वसंगीत हा आहे. म्हणून 'पार्श्वसंगीत : जॉनी ग्रीनवुड' असे सरळ लिहावे. रेडिओहेडच्या गाण्यांत तंतुवाद्यांचे भाग त्यांनी लिहिले आहेत, त्या कामासाठी 'संगीत संयोजक' हा शब्द आहेच. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसूझा आणि पुढच्या काळात अनिल मोहिले यांनी जे केले तेच हे काम, त्यामुळे मराठी वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. मैफलीसाठी लिहिलेल्या रचनांच्या संदर्भात 'संगीतरचनाकार' ठेवावा. त्यांच्या 2014 च्या 'वॉटर' या रचनेत तानपुरा आहे. त्याला 'तंबोरा' म्हटले तरी चालेल, कारण मिरजेच्या कारागिरांच्या वाद्यामुळे आपल्याला तो शब्द अधिक जवळचा आहे. 2021 मध्ये रेडिओहेडचे गायक थॉम यॉर्क आणि ढोलवादक टॉम स्किनर यांच्यासह सुरू झालेल्या 'द स्माइल' या त्रिकुटाचा उल्लेख करताना मात्र पुन्हा 'बहुवाद्यवादक' वापरण्यास हरकत नाही. तेथे तिघांनाच सारे वाजवायचे असते, आणि ग्रीनवुड गाण्याच्या गरजेप्रमाणे गिटार, बास, पियानो आणि हार्प यांपैकी एक उचलतात.