चालत्या गाडीत डॅशबोर्ड काळा पडतो, गाणं मात्र चालूच

डिकीतली छत्री:

मंडळी, जरा डोकं चालवा, माझं थकलंय.

गाडी छोटी हॅचबॅक, पेट्रोल, हाताचे गिअर, १६ वर्षांची. आधी बाबा चालवायचे, गेली ७ वर्षं माझ्याकडे आहे. मीटरवर १ लाख ३८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा "आमच्याकडे तीच आहे, एक पैसा खर्च नाही" यातच संपेल.

दोन महिन्यांत तीनदा चालता चालता बंद पडली. पहिल्यांदा मी साठच्या आसपास होते. पुलाचा सांधा लागला, गाडीनं हलकासा आचका दिला आणि एकदम शांत. ॲक्सिलरेटर दाबला तर पाय नुसता खाली गेला. स्टिअरिंग इतकं जड की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. ब्रेक पहिल्यांदा व्यवस्थित लागला, दुसऱ्यांदा कसाबसा, तिसऱ्यांदा पेडल म्हणजे दगड. मागच्या ट्रकनं हॉर्न मारला. मीही मारायला गेले, तर माझा वाजेचना. (हॉर्न हल्ली त्याच्या मर्जीवर आहे.) कशीबशी कडेला घेतली. सेल्फ मारला तर पहिल्याच फटक्यात चालू! गाडीच्या चेहऱ्यावर "काय झालं?" असा साळसूद भाव.

दोन गॅरेज झाली. पहिल्यानं थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून प्लग बदलले. दुसऱ्यानं स्कॅनर लावला, इंजिनाच्या बिघाडाचा एकही कोड आला नाही. तरी "क्रँक सेन्सरच असणार, गरम झाला की मान टाकतो" म्हणून इंजिनाचं फिरणं मोजणारा तो सेन्सर बदलला. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. परत गेले तर म्हणाले, "ताई, जुनी गाडी आहे, चालायचंच." मला राग या वाक्याचा आहे. गाडी चालायचंच म्हणून तर आणली होती ना तुमच्याकडे?

बाकीची दुखणी: एअरबॅगचा दिवा आठ महिने पेटलेला आहे. पहिल्या गॅरेजमधल्या पोरानं "बल्ब काढून टाकू का, डोक्याला ताप नको" असं विचारलं होतं. डावं पुढचं चाक लांब फेरीनंतर उजव्यापेक्षा बरंच गरम लागतं. मागचा एक सीटबेल्ट बाहेर येतो पण आत जात नाही. डिकीत पाणी येतं, पण त्याचं मला काही नाही, छत्री तिथेच असते.

मुख्य प्रश्न बंद पडण्याचा. कुणाला असा अनुभव?

तेलकट बाह्या:

ताई, सेन्सर राहू द्या. आधी हे सांगा, बंद पडली त्या क्षणी डॅशबोर्डवर काय दिसत होतं? ऑइल आणि बॅटरीचे लाल दिवे लागले होते का? की सगळं काळं? आणि रेडिओ? नीट आठवा, अंदाजानं सांगू नका. निम्मं निदान तिथेच होतं आणि गॅरेजात नेमकं हेच कुणी विचारत नाही.

डिकीतली छत्री:

डोळे मिटून बसले आणि आठवलं. दिवे नव्हते. काटे खाली पडलेले, डॅश पूर्ण काळा. एसीचा पंखाही थांबला होता, कारण तिसऱ्या वेळी मी घामानं निथळत होते. पण गाणं चालू होतं! हे पक्कं आठवतंय. हात थरथरतायत, मागे रांग लागलीय आणि आत कुणीतरी चांदण्याबद्दल गातंय. बंद करायचंही सुचलं नाही.

तेलकट बाह्या:

मग सापडलं म्हणा.

हे बघा. क्रँक सेन्सर, पेट्रोलचा पंप किंवा इग्निशन कॉइल मेली तर इंजिन बंद पडतं, पण चावी ऑनवरच असते. म्हणजे डॅशवर लाल दिवे लागणार, पंखा फिरत राहणार. बॅटरीचं टर्मिनल किंवा अर्थिंगची वायर सैल असेल तर सगळंच जातं, रेडिओसकट. तुमच्याकडे इंजिन गेलं, डॅश गेला, पंखा गेला आणि गाणं राहिलं. असं फक्त चावीच्या एका घरात होतं, ऑनच्या अलीकडे, जिथे आपण इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत बसतो. तुमची चावी चालत्या गाडीत ऑनवरून तिथे घसरतेय. इग्निशनच्या आत प्रत्येक घराला एक खटका असतो, तो झिजलाय. खड्डा किंवा सांधा लागला की चावी मागे येते. कोड कुठून येणार? गाडीच्या हिशेबी तुम्हीच बंद केलीत.

चावीला काय काय लटकवलंय तेही सांगा.

उभ्या गाडीत करून बघा. मोकळी जागा, हँडब्रेक, न्यूट्रल, इंजिन चालू. चावीला हात न लावता जुडगा दोन बोटांनी हलकेच खाली ओढा.

डिकीतली छत्री:

जुडगा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. २१० ग्रॅम. माझं घर, आईचं घर, ऑफिसचा ड्रॉवर, गच्चीचं कुलूप, चार वर्षांपूर्वी विकलेल्या सायकलचं कुलूप आणि बाबांची पितळी घंटी.

मग खाली जाऊन करून बघितलं. दोन बोटं लावली, ओढलंही म्हणता येणार नाही, आणि इंजिन बंद. डॅश काळा, रेडिओ चालू. तसंच. चावी फिरताना जो "टक" लागायला हवा तो लागतच नाही, लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. सहा वेळा केलं, सहाही वेळा बंद. मग जुडगा काढून नुसती चावी ठेवली आणि स्टिअरिंगच्या खालून गुडघा वर घेतला. माझे पाय लांब आहेत, गुडघा चावीला लागतो. तरीही बंद!

आणि दरवेळी पुन्हा सेल्फ मारताना मी चावी आधी मागे नेत होते, त्यामुळे ती आधीच घसरलेली होती हे कधी कळलंच नाही. पुरावा मीच पुसत होते.

सांधा आणि खड्डा:

हे वाचून जनरल मोटर्सचं प्रकरण आठवलं. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे छोट्या गाड्या. हुबेहूब हेच. स्विचमधला खटका कंपनीनं स्वतः ठरवलेल्या मापापेक्षा ढिला होता, चावी ऑनवरून मागे यायची, इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग जायचं आणि त्यातच धडक झाली तर एअरबॅग उघडायची नाही. डिसेंबर २००५ मध्ये कंपनीनं डीलरांना कळवलं होतं की ग्राहकांना चावीवरचं जड सामान काढायला सांगा. पुढे स्विच सुधारला, पण पार्टचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का दिसतो हे तपास करणाऱ्यांना बराच काळ उमगलं नाही. गाड्या परत बोलावल्या त्या थेट २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख. भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. २०१५ मध्ये कंपनीनं अमेरिकन सरकारशी ९० कोटी डॉलरवर तडजोड केली.

तुमची गाडी त्यातली आहे असं म्हणत नाही. पण "जुनी गाडी आहे, चालायचंच" हे वाक्य तिथेही बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर कंपनीच्या रिकॉलच्या, म्हणजे दोषामुळे परत बोलावलेल्या गाड्यांच्या, पानावर टाकून बघा. सुरक्षेच्या रिकॉलमध्ये सहसा पैसे घेत नाहीत.

शंकासूर:

सगळं खरं, पण मला एक कळत नाही. १६ वर्षांच्या गाडीत एवढा जीव का अडकतो लोकांचा? आज स्विच, उद्या एअरबॅग, परवा चाक. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या अँकॅप संस्थेनं २०१७ मध्ये १९९८ ची कोरोला आणि २०१५ ची कोरोला एकमेकींवर ६४ च्या वेगानं आदळवल्या होत्या. गाडी एकच, मधे सतरा वर्षं. नवीला १६ पैकी १२.९३ गुण, जुनीला ०.४०. जुनीचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या पुतळ्यावर चेपला. स्विच बदलून पत्रा नवा होत नाही. विका आणि मोकळ्या व्हा.

डिकीतली छत्री:

शंकासूर, मुद्दा बिनतोड आहे, तो व्हिडिओ मी बघितलाय आणि त्या रात्री नीट झोपले नाही. पण आज विकायची म्हणजे चालत्या रस्त्यात बंद पडणारी गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायची. आधी दुरुस्त करते, मग विकायचं बघू. आणि नवी घ्यायची म्हटलं तर माझ्याकडे सध्या फक्त ठाम मतं आहेत.

तेलकट बाह्या, स्विच सांगितला आहे, चार दिवसांनी येतोय. तोवर नुसती चावी, जुडगा पर्समध्ये. चालेल ना?

तेलकट बाह्या:

नाही चालणार. गुडघ्यानं बंद पडते म्हणालात ना? चार दिवस बसनं जा. अगदीच हलवावी लागली तर हळू, सीट मागे घेऊन. आणि बंद पडलीच तर चावी अजिबात बाहेर काढायची नाही, स्टिअरिंगला कुलूप बसेल. ब्रेक एकदाच दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. तुम्ही तीनदा दाबलात म्हणून दगड झाला. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये व्हॅक्यूम शिल्लक असतो तो एक-दोन दाबांपुरता, सोडून सोडून दाबलं की संपतो. न्यूट्रल करा, वाट मोकळी असेल तर तिथल्या तिथे सेल्फ मारा.

आता एअरबॅग. हॉर्न मर्जीवर आणि एअरबॅगचा दिवा, दोन्ही एकाच गाडीत? स्टिअरिंग फिरवताना खसखस असा आवाज येतो का? येत असेल तर क्लॉक स्प्रिंग गेली. स्टिअरिंगच्या आत पट्टीसारखी गुंडाळलेली वायर असते, हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग तिच्यावरूनच जातात. तुटली की दोन्ही गेली. दिवा पेटलाय म्हणजे धडकेत बॅग उघडेल याचा भरवसा नाही, हे साधं गणित. बल्ब काढायचं सुचवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. हे काम करणाऱ्यानं आधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबायला हवं. तो थांबला नाही तर तुम्ही गाडी घेऊन निघा.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी: चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर खूश होऊ नका, बल्ब गेलाय, नाहीतर कुणीतरी काढलाय.

सांधा आणि खड्डा:

यात एक भर. दिवा विझलेला असला तरी बॅग ठीक असेलच असं नाही. ताकाता या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन ते बिघडायचं आणि बॅग उघडताना धातूचं कवचच फुटून तुकडे अंगावर यायचे. त्याचा दिवा लागत नाही. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण त्या काळातल्या कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत त्यांचे इन्फ्लेटर होते. तेव्हा चासी नंबर टाकून बघाच.

डिकीतली छत्री:

नऊ दिवसांनी लिहितेय, माफ करा.

स्विच बदलला. जुना मी मागून घेतला, टेबलावर आहे. नव्याला चावी फिरवताना प्रत्येक घरात "टक" ऐकू येतं. इतका साधा आवाज, पण सात वर्षांत मी तो या गाडीत कधी ऐकलाच नव्हता. म्हणजे बाबांच्या काळातच झिजला असणार. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हो, मऊ होती चावी, मला आवडायची." काय बोलणार!

चासी नंबरावर स्विचचा रिकॉल नाही. एअरबॅगचा निघाला, बाजूच्या सीटच्या इन्फ्लेटरचा. पत्र जुन्या पत्त्यावर जात असणार. तारीख मिळाली आहे, तोपर्यंत त्या सीटवर कुणाला बसवत नाही, तिथे माझी पर्स बसते.

खसखस आवाज येतो. क्लॉक स्प्रिंग त्याच दिवशी बदलणार.

गरम चाकाचं: ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगला होता. दाबलं की तेल जायचं, सोडलं की परत यायचं नाही, ब्रेक अर्धवट धरून राहायचा. दोन्ही बाजूंचे पाइप बदलले, ब्रेकचं तेलही. जुनं तेल चहाच्या रंगाचं होतं.

शंकासूर, तुमचा मुद्दा विसरलेले नाही. हमरस्त्यावर न्यायची बंद केली आहे, गावातल्या गावात वापरते. विकेन तेव्हा तो जुना स्विच घेणाऱ्याच्या हातात देईन, फिरवून बघ म्हणेन.

सीटबेल्ट अजून तसाच आहे. त्याबद्दल कुणी काही सांगेल का? आत न जाणारा बेल्ट साबणाच्या पाण्यानं धुवून चालतो असं एकानं सांगितलं, दुसरा म्हणाला सरळ बदला.

तेलकट बाह्या:

पूर्ण बाहेर ओढा आणि कडा बघा. कुठे उसवलाय, कापलाय किंवा ताठ झालाय तर बदला, चर्चा नको. नुसता मळ असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण. ब्लीच नको, सॉल्व्हंट नको. ओढलेलाच ठेवून सावलीत पूर्ण वाळू द्या. ओला आत गेला तर बुरशी धरेल. मग झटका देऊन बघा, अडकला पाहिजे. अडकत नसेल तर बदलायचाच.

आणि ती पितळी घंटी आता कुठे लावलीत?

डिकीतली छत्री:

छत्रीला.