प्रतिसाद: कऱ्हाडची प्रयोगशाळाही बघा

एम.एस्सी. जिऑलॉजीनंतर पेट्रोफिजिक्ससाठी (खडकांच्या भौतिक गुणधर्मांचा अभ्यास) सातारा सोडावाच लागेल का, यावर वर सगळ्यांनी ओएनजीसी आणि गेट परीक्षा सांगितलीय. बरोबरच आहे. पण कऱ्हाडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. कोयना भागात त्यांचं 3 किमी खोल पायलट (चाचणीचं) बोअर झालंय; वर साधारण सव्वा किमी बेसाल्ट, खाली ग्रॅनाइटी पाया. धरणाच्या पाण्याचा दाब भेगांतून खोलवर कसा पोचतो, हा तिथला कळीचा प्रश्न. प्रकल्पावरची पदं मुदतीची असतात, हे धरून चला.

मुलाखतीआधी पर्मिएबिलिटी (खडकातून द्रव किंवा वायू किती सहज वाहतो ते) पक्की करा. घट्ट ग्रॅनाइटमध्ये स्थिर प्रवाह यायला फार वेळ लागतो, म्हणून पल्स-डिके पद्धत (दाबाचा छोटा धक्का देऊन तो किती वेगाने उतरतो ते बघायचं) वापरतात. त्यात प्रयोगशाळेतलं तापमान जरा हललं तरी दाबाचा आलेख बिघडतो. शिवाय वर आणलेल्या कोअरमध्ये (बोअरमधून काढलेला खडकाचा दंडगोल नमुना) ताण सुटल्यामुळे बारीक चिरा उघडतात. कन्फायनिंग प्रेशर (जमिनीखाली असतो तसा चहूबाजूंचा दाब) न देता मोजलं तर आकडा फुगतो. वायू वापरला तर क्लिंकेनबर्ग दुरुस्ती (कमी दाबाला वायू जास्त सहज निसटल्याने आकडा वाढतो, त्याची भरपाई) हवीच. लॉग (बोअरमध्ये उपकरण सोडून घेतलेल्या मोजणीचे आलेख) वाचताना आधी कॅलिपर, म्हणजे बोअरच्या रुंदीचा आलेख, बघा: भिंत ढासळलेल्या जागी घनता खोटी कमी दिसते, आणि नवखे तिलाच सच्छिद्रता समजतात.

पायथन येत नसेल तर आजच सुरू करा.